बोट फिरवून बघा

“खोला,” सुब्बय्या म्हणाले.

आबांनी आधी खांद्यावरचा पंचा काढला, झटकला आणि गाडीसमोरच्या सिमेंटवर चारी कोपरे ओढून अंथरला. मग त्यावर पाने मांडले, मोठ्यापासून लहानापर्यंत. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर पोह्यांच्या बश्या मांडाव्यात तशी त्यांची लगबग चालली होती.

“आबा, सावकाश. इंजान तापलंय,” मी दोराच्या बाहेरून ओरडले.

“माज्या हाताला काय हुतंय? साहेबास्नी सांग, आत्ता हेड काढून हातात देतो.”

शर्यत संपली की पहिल्या तीन गाड्या दोर बांधलेल्या शेडमध्ये नेऊन उभ्या करतात. ड्रायव्हरनं दोराच्या बाहेर थांबायचं, स्वतःच्याच गाडीला हात लावायचा नाही. आत फक्त तपासनीस आणि प्रत्येक गाडीचा एक मेकॅनिक. इंजिन तपासनीस खोलत नाहीत. ज्यानं बांधलं त्यानंच खोलायचं, म्हणजे मागाहून ‘तुम्हीच मोडलं’ अशी ओरड नको. आमच्या वर्गाचा नियम कुणालाही समजेल असा होता. गाडी कंपनीतून बाहेर पडली तशीच पळवायची. गाद्या काढा, आत लोखंडी पिंजरा बसवा, टायर बदला, पण इंजिनाच्या आत हात लावायचा नाही. सगळ्यांच्या हाताखाली सारखंच यंत्र दिलं की मग चालवणारा कसा आहे ते दिसतं.

आणि त्या दिवशी मी दिसले होते. मोसमातली शेवटची शर्यत, कोइम्बतूरकडचं ऊन, आणि मी, कोल्हापूरच्या कृष्णात पोवार यांची मुलगी हर्षदा, पहिली आले होते.

दोराला टेकून मी उभी होते. हेल्मेट काखेत, केस घामानं कपाळाला चिकटलेले, आणि चेहऱ्यावरचं हसू काही केल्या मिटत नव्हतं. शेजारी परचुरे उभे होते. परचुरे म्हणजे पुण्याच्या एका मोठ्या संघाचे व्यवस्थापक. त्यांच्याकडे जागा मिळाली की गाडी त्यांची, टायर त्यांचे, मेकॅनिक त्यांचे, आपण फक्त हेल्मेट घेऊन जायचं. वर्षभर ते लांबून माझ्याकडं बघत होते. पहिल्यांदा भेटले तेव्हा मी “येतो मी, सर” म्हणाले आणि ते हसत सुटले. आमच्याकडं पोरी ‘येतो, जातो’च म्हणतात, हे त्यांच्या पुण्याला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी दुपारी मात्र ते गंभीरपणे म्हणाले होते, “हर्षदा, आजची शर्यत जिंक. पुढच्या मोसमाची जागा तुझी.”

ती जागा म्हणजे काय, हे सांगायचं तर माझी सुरुवात सांगावी लागेल. आबांच्या फौंड्रीच्या मालकांच्या मुलाचा वाढदिवस गावाबाहेरच्या कार्टिंगच्या ट्रॅकवर होता आणि कामगारांच्या पोरांना एकेक फेरी फुकट होती. बाकीची पोरं फेरी मारून उतरली. मी उतरले नाही. शेवटी ट्रॅकवाल्यानं पेट्रोल संपेपर्यंत वाट बघितली आणि आबांना म्हणाला, “पोवार, पोरगी वळणाला पाय उचलत न्हाई ओ!” वळणाला ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून वेग कमी करायचा असतो. तक्रार होती, पण आबांनी ती कौतुक म्हणून घरी सांगितली. मग मी त्याच ट्रॅकवर कामाला लागले, पोरांना हेल्मेट बांधायचं आणि संध्याकाळी रिकाम्या गाड्या पळवायच्या. पुढं सांगलीकडच्या मैदानावर मातीतल्या शर्यती झाल्या. त्यात मी दोनदा गाडीसकट उलटी झाले आणि एकदा जिंकले. मग दक्षिणेत नवशिक्यांचा वर्ग. तिथं पहिल्या वर्षी शेवटून दुसरी आले, दुसऱ्या वर्षी पुढून तिसरी. आणि आता हा वर्ग, जुनी घेतलेली गाडी, मेकॅनिक म्हणून वडील, आणि ती तमिळनाडूपर्यंत टेम्पोत घालून आणायला सलीमभाई. याच्या पुढची पायरी स्वतःच्या बळावर चढणं आम्हाला शक्यच नव्हतं. परचुरेंनी वर ओढलं तरच.

शर्यतीत मी दुसऱ्या जागेवर होते. मध्येच एका वळणावर कुणाची तरी गाडी वाळूत रुतली आणि तिथं पिवळा झेंडा हलला. पिवळा झेंडा म्हणजे हळू व्हा, कुणाला ओलांडू नका. मी गुणी बाळासारखी इतकी हळू झाले की पुढचा चंदीगडचा पोरगा पार लांब निघून गेला. त्याला गाठायला शेवटची फेरी उजाडली. सरळ पट्ट्यावर माझी गाडी त्याच्यापेक्षा जरा जास्त ओढत होती. मला वाटलं, मी वळणातून लवकर पाय दिला, त्याचं फळ. शेवटच्या वळणाला मी आतून घुसले आणि पाय उचलला नाही.

ट्रॅकच्या कडेला गाड्या दुरुस्त करायची जागा असते, तिला पिट म्हणतात. आबा त्या पिटच्या भिंतीवरून पाटी दाखवायचे. पाटीवर आपला नंबर आणि उरलेल्या फेऱ्या एवढंच लिहायचं असतं. आबा जागा उरली तर ‘शाब्बास’सुद्धा लिहायचे. एकदा तर ‘पाणी पी’ लिहिलं होतं. त्या वेगात मी पाणी कुठून पिणार होते, देव जाणे. त्या दिवशी शेवटच्या फेरीला त्यांनी पाटीवर काहीच लिहिलं नव्हतं. नुसती कोरी पाटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ते उभे होते.

तर ते आबा आता गाडीत वाकून बोल्ट सोडवत होते. शेजारी चंदीगडच्या पोराचं आणि तिसऱ्या गाडीचं इंजिन केव्हाच उघडून झालं होतं. सुब्बय्या म्हणजे मुख्य तपासनीस. वयस्कर, सडपातळ, पांढराशुभ्र शर्ट, आणि त्या सगळ्या तेलकट गोंधळात शर्टाला डाग नाही. ते आबांचं काम बघत शांत उभे होते.

“तुझे वडील गॅरेज चालवतात?” परचुरेंनी विचारलं.

“न्हाई सर. फौंड्रीत होते, फेटलिंग खात्यात. आता मित्राच्या गॅरेजवर बसत्यात.”

“फेटलिंग म्हणजे?”

“वतलेला माल साच्यातनं भाईर आला की कडंला जादा धातू ऱ्हातो, त्याला बर म्हणत्यात. ती घासून काढायची.”

परचुरेंनी मान डोलावली. त्यांना त्यातलं फारसं काही वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं. आमच्या घरात मात्र त्या बरीवरून रोज काहीतरी चालायचं. नवं भांडं आणलं की आबा आधी अंगठा कडेवरून फिरवणार. कुठं खरखर लागली की कानस घेऊन बसणार. नव्या कुकरची मूठ, खिडकीचा कोयंडा, माझ्या कंपासपेटीचं झाकण, काही सुटायचं नाही. आई म्हणायची, “लगीन झालं त्या रात्री माज्या जोडव्याची कड घासून दिली ह्या माणसानं. दुसरं काय बोललंच न्हाई.” फौंड्रीतल्या ग्राइंडरच्या थरथरीनं त्यांच्या बोटांची टोकं बधिर होत चालली होती. अंगठा तेवढा शाबूत होता, आणि त्याच्यावर त्यांचा सगळा भरवसा.

“आलं!” आबा म्हणाले.

त्यांनी हेड उचललं. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा जड भाग, जिथून हवा आत जाते. सुब्बय्यांच्या हातात देण्याआधी त्यांनी ते उलटं करून पंच्याच्या टोकानं पुसलं. शेडच्या पत्र्यातून उन्हाची एक तिरीप आत येत होती. ती हवेच्या वाटेत पडली आणि आत चमकली.

कंपनीतून आलेलं हेड आतून चमकत नाही. ते खरबरीत असतं, ओतताना निघालं तसं. वाळूच्या खुणा असतात, साच्याच्या जोडाची एक रेघ असते. त्या वाटा घासून गुळगुळीत केल्या की हवा बिनअडथळा आत जाते आणि इंजिन जरा जास्त ओढतं. लोक हे मुद्दाम करतात, चोरून करतात, आणि सापडले की शर्यतीतून जातात. हसू कधी गेलं ते कळलंसुद्धा नाही.

सुब्बय्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. एक बोट आत घातलं आणि सावकाश फिरवलं. मग शेजारच्या गाडीच्या हेडमध्ये तेच बोट फिरवलं. पुन्हा आमच्या. आबा हात मागं बांधून, मान किंचित वाकडी करून त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

सुब्बय्यांनी मला जवळ बोलावलं आणि इंग्रजीत विचारलं, “हे कुणी केलं?”

“काय म्हणत्यात?” आबा म्हणाले.

मी हेल्मेट या काखेतून त्या काखेत घेतलं.

“अगं सांग की. काय म्हणत्यात साहेब?”

“आतनं हात कुणी लावलाय, असं विचारत्यात.”

“मी!” आबा म्हणाले. त्यांचा सगळा चेहरा उजळला. “मीच लावलाय. गेल्या म्हैन्यात पॅकिंग गेलं तवा हेड उतरवलं हुतं नव्हं? आत बघतोय तर नुसती बर! असला माल आमच्या खात्यातनं भाईर पडला असता तर फोरमननं अंगावर फेकला असता. मग बसलो दुपारचं. आधी गोल कानस, मग पॉलिश पेपर, शेवटाला नुसतं कापड. सांग त्यास्नी, मशीन लावलेलं न्हाई. समदं हातानं.”

“आबा, आत काय बदलायचं न्हाई म्हणून मी सांगितलं हुतं तुमास्नी.”

“बदललं कुठं? साफ केलं. घाण काढणं म्हंजे बदलणं व्हय?”

ते खरंच विचारत होते. बदलणं म्हणजे पिस्टन दुसरा घालणं, स्प्रिंग दुसरी घालणं, हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि तसलं त्यांनी मरेपर्यंत केलं नसतं. पण बर काढणं हे त्यांच्या लेखी काम अर्धवट न सोडणं होतं. पानात वाढण्याआधी तांदळातले खडे काढावेत, तेवढंच.

मी सुब्बय्यांना सांगितलं, “माझ्या वडिलांनी साफ केलं. फायद्यासाठी नाही. त्यांना माहीत नव्हतं.”

सुब्बय्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. “मुद्दाम की चुकून, हे मी विचारायचं नसतं,” ते म्हणाले. “इथं साच्याची रेघ असायला हवी. ती नाही. मी दुसरं काहीच लिहू शकत नाही.” मग का कोण जाणे, त्यांनी पुन्हा एकदा बोट आत फिरवलं आणि आबांकडं वळून म्हणाले, “ब्युटिफुल. ब्युटिफुल वर्क.”

बाकीचं इंग्रजी आबांना कळलं नाही, पण तो शब्द कळला. त्यांनी दोन्ही हात जोडले.

सुब्बय्यांनी कागदावर पहिल्या जागेवरचं माझं नाव खोडलं. आबा तेव्हा मन लावून पाने गोळा करत होते. मी बघत होते. बघण्यापलीकडं मला करण्यासारखं काहीच नव्हतं. गाडी पळवताना अंगातला कणन् कण कामाला लागतो, आणि इथं दोन पावलांवर सगळं मातीत जात असताना मी हेल्मेट धरून दोराला टेकून होते.

परचुरेंनी मला दंडाला धरून शेडच्या मागं नेलं.

“तुला माहीत होतं?”

“न्हाई सर. आईशप्पथ न्हाई.”

“माझा विश्वास आहे. त्या माणसाच्या तोंडाकडं बघून कुणाचाही बसेल.” ते घाईनं बोलत होते. “ऐक. ही शर्यत गेली, ती विसर. पण आता समिती बसेल. तुला माहीत होतं असं त्यांनी धरलं तर वर्षाची बंदी येईल, आणि बंदी आलेल्या ड्रायव्हरला मी जागा देऊ शकत नाही. माझ्या वर कंपनी आहे.”

“मग?”

“वडिलांना समितीपुढं उभं कर. त्यांनी एवढंच म्हणायचं, मी नियम मोडला, मुलीला ठाऊक नव्हतं. त्यांना पिटमध्ये यायची बंदी होईल. तुझं लायसन्स वाचेल. जागेचं मी सांभाळून घेतो. पुढच्या वर्षी तसेही आमचेच मेकॅनिक असणार, त्यांना कुठं यायचंय? त्यांचं काय जातंय यात?”

मी टेम्पोकडं बघितलं.

“तुला जड जात असेल तर मी सांगतो त्यांना. मराठीत व्यवस्थित समजावून सांगतो.”

“नको सर,” मी म्हणाले. “मीच सांगतो.”

आणि मी खरंच सांगायला गेले. हे मी इतक्या वर्षांत स्वतःला अनेकदा बजावून बघितलंय. शेडपासून आमच्या टेम्पोपर्यंत चालत जाताना मी वाक्य जुळवत होते. आबा, तुमची चूक न्हाई, पण तेवढं म्हणा. आबा, नुसतं म्हणायचं. मला ती जागा हवी होती.

टेम्पोच्या सावलीत आबा हेड मांडीवर घेऊन बसले होते. सलीमभाई समोर उकिडवे. आबा त्यांचं बोट धरून हेडच्या आत घालत होते.

“फिरव. फिरव की! लागतंय काय कुठं?”

“नाय लागत काका.”

“लागणारच न्हाई. साहेबानं तीनदा फिरवलं. तीनदा! आणि काय म्हटलं म्हाईत हाय? ब्युटिफुल.” मग मला बघून म्हणाले, “आलीस? तुज्या आईला फोन लाव. आधी ते सांग. पैल्या नंबराचं मागनं सांग.”

“आबा, मला एक बोलायचंय.”

“बोल की. पण ऐक आधी. सलीम, तूबी ऐक. फेटलिंगच्या माणसाला त्येचं काम कधी दिसतंय सांग? माल परत आला तरच. चांगला झाला तर पुढं जातोय, कुणाच्या ध्येनातबी ऱ्हात न्हाई. परत आला की मग बोलावत्यात, पोवार हिकडं या, हे बघा काय केलंय. उभ्या जल्मात मला कुणी चांगल्या मालासाठी बोलावलेलं न्हाई. आज पैल्यांदा.” त्यांनी हेडवरून अंगठा फिरवला. “आज पैल्यांदा बगा.”

त्यांचे डोळे भरून आले होते. आबांचे डोळे भरलेले मी त्याआधी पाहिले नव्हते, आज्जी गेली तेव्हासुद्धा नाही.

जुळवलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. त्या वाक्याचा अर्थ एकच होत होता. पोवार, हिकडं या, माल परत आलाय.

“काय बोलणार हुतीस?” आबांनी विचारलं.

“आबा, माझा नंबर गेला.”

“गेला म्हंजे?”

“काढून टाकलं मला. पिवळा झेंडा लागला हुता मधी. मला दिसला न्हाई. मी तिथं एकाला ओलांडलं.”

मी हे आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. सलीमभाईंना हिंदी-इंग्रजी दोन्ही चांगलं कळायचं आणि मघाशी ते दोरापाशीच उभे होते. त्यांनी खाली बघितलं आणि पायाजवळचा दगड उचलून बाजूला ठेवला.

“झेंडा दिसला न्हाई?” आबा म्हणाले.

“न्हाई.”

“एवढा मोठा झेंडा?”

“न्हाई दिसला.”

“डोळं हुतं कुठं तुजं?” ते इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या गाडीवाले वळून बघायला लागले. “मी हिकडं रक्ताचं पाणी केलं, एवढं हेड केलं, साहेब त्येला ब्युटिफुल म्हणला, आणि तू झेंडा बघितला न्हाईस? आंधळी हैस काय?”

मी उभी राहिले. मला रडू येत होतं आणि त्यांना वाटलं मला चुकीचं रडू येतंय. मग त्यांचा आवाज खाली आला. त्यांनी हेड सलीमभाईंच्या हातात दिलं, पायांत चप्पल सरकवली आणि शेडकडं निघाले.

“आबा, कुठं चाललाय?”

“साहेबाकडं.”

“नको आबा. आबा, थांबा!”

ते थांबले नाहीत. सुब्बय्या कागद आवरून बाहेर पडत होते. आबांनी त्यांच्यापुढं जाऊन हात जोडले आणि त्यांना येत होती तेवढ्या हिंदीत बोलायला सुरुवात केली. “साब, बच्ची है. गलती हो गई. झेंडा नहीं देखा उसने. एक बार माफ करो साब. बहुत मेहनत करती है.”

सुब्बय्यांना काही समजेना. झेंडा कुठला? त्यांनी गोंधळून आबांच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. मी आबांच्या मागं उभी होते. मी हात जोडले आणि मान हलवली, अगदी थोडी, नको म्हणून. तेवढंच माझ्या हातात होतं. ते एक शब्द बोलले असते तर सगळं उघडं पडलं असतं, आणि मनाच्या एका कोपऱ्यात, खोटं कशाला बोलू, त्यांनी तो बोलावा असंही मला वाटत होतं. मग आबा आपणहून समितीपुढं गेले असते आणि माझं लायसन्स वाचलं असतं.

सुब्बय्या माझ्याकडं बराच वेळ बघत होते. मग त्यांनी आबांचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले.

“रूल है,” ते म्हणाले. “क्या करें. लेकिन आपका काम फर्स्ट क्लास.”

आबांनी मान खाली घातली. “काम चांगलं असून काय उपेग साब,” ते मराठीत म्हणाले.

समितीपुढं मी एकटी उभी राहिले. कुणाला काय माहीत होतं, असं त्यांनी विचारलं. माझ्या गाडीची जबाबदारी माझी, एवढंच मी म्हणाले. वर्षाची बंदी आली. परचुरे बाहेर उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, टेम्पोकडं बघितलं, आणि म्हणाले, “वेडी आहेस तू.” रागावून नाही म्हणाले. जागा चंदीगडच्या पोराला गेली. त्याचं मला फार वाईट वाटून घेता आलं नाही, कारण तो चालवत चांगला होता.

परत निघताना आबा इंजिन जोडायचं नाही म्हणाले, तसंच उघडं ठेवलं. हेड कापडात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. बेळगावच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा सलीमभाई माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, “ताई, मी काय बी ऐकलं नाय हां.” मी मान हलवली. चहा तसाच ठेवून टेम्पोत जाऊन बसले.

बंदी संपल्यावर मी दोन मोसम पळाले, उसन्या गाड्यांत. तिसऱ्याच्या वर कधी गेले नाही. सरळ पट्ट्यावर पुढची गाडी हळूहळू लांब जायला लागली की मनात एकच यायचं. त्या दिवशी मी जिंकले होते की आबांचा अंगठा जिंकला होता? ते तेव्हा कळलं नाही आणि आता कळायची सोय नाही. आता मी त्याच ट्रॅकवर पोरांना शिकवते, जिथं पहिल्यांदा पेट्रोल संपेपर्यंत उतरले नव्हते. वळणाला पाय उचलू नका म्हणून ओरडते. आणि झेंडा दिसला की उचला, म्हणूनही.

हेड आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या शेजारी आहे. आई त्याच्यावर क्रोशाचा रुमाल टाकते आणि आबा तो काढतात. घरी कुणी आलं की चहा व्हायच्या आत आबा ते मांडीवर घेतात. “बोट फिरवून बघा,” म्हणतात. पाहुणा बिचारा बोट फिरवतो. “लागतंय काय? लागणारच न्हाई. मद्रासकडच्या साहेबानं तीनदा फिरवलं. ब्युटिफुल म्हणला.” मग ते माझ्याकडं हात करतात. “पण ह्या आमच्या बाईनं झेंडा बघितला न्हाई. न्हाईतर आज कुठं असती!” पाहुणा माझ्याकडं कीव आल्यासारखा बघतो. मी चहा पुढं करते.

गेल्या दिवाळीपासून आबांचा अंगठाही बधिर झालाय. डॉक्टर म्हणाले, नस गेली, आता परत येणार नाही. परवा मी ट्रॅकवरून आले तर ते एकटेच हेड मांडीवर घेऊन बसले होते. अंगठा आत फिरवत होते. मग तर्जनी. मग पुन्हा अंगठा.

“हर्षा,” ते म्हणाले, “जरा तुजं बोट फिरव बघू. मला काय समजंना झालंय.”

मी त्यांच्या शेजारी बसले आणि बोट आत घातलं. इतकी वर्षं ते हेड घरात होतं आणि मी त्याला एकदाही हात लावला नव्हता. आत कुठंच काही लागलं नाही. बोट नुसतं पुढं जात होतं.

“लागतंय काय?”

“न्हाई आबा. कुठंच न्हाई.”

त्यांनी मान डोलावली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “खरंच झेंडा दिसला न्हाई व्हय गं तुला?”

माझं बोट अजून आतच होतं.

“न्हाई दिसला आबा.”

“असू दे,” आबा म्हणाले. “हेड तरी चांगलं झालं हुतं.”

“लई चांगलं झालं हुतं,” मी म्हणाले.